बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते? पार्ट बदलण्याआधी मोजा

चौदा महिन्यांत दोन बॅटऱ्या आणि एक अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर फिरून वीज तयार करणारा भाग). आमच्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकवर एवढा खर्च झाला आणि तरी पंधराव्या महिन्यात एका सकाळी किल्ली फिरवल्यावर पुन्हा तेच: डॅशबोर्डचे दिवे मिणमिणले, बॉनेटखालून टक-टक-टक आवाज आला आणि सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरलाच नाही. शेवटी दोष सापडला तो गिअरबॉक्सवर बोल्टने कसलेल्या अर्थिंगच्या वायरीत. नवी वायर काही शे रुपयांत बसली.

मधल्या काळात दोन-तीन गॅरेज झाली. कुठेही कोणी व्होल्टेजचे चार आकडे मोजून कागदावर लिहिले नाहीत आणि मलाही ते मागायचं सुचलं नाही. बॅटरी एकदा उतरली तर दिवा चालू राहिला असेल, सोडून द्या. पण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा उतरत असेल तर मोजल्याशिवाय एकही पार्ट बदलू नका. हे मोजमाप अवघड नाही. ज्यांनी आजवर बॉनेट फक्त वॉशरचं पाणी भरायला उघडलं आहे, त्यांनाही ते जमेल.

आधी वाट समजून घ्या

इंजिन फिरलं की बेल्ट फिरतो आणि बेल्टवर अल्टरनेटर फिरतो. आतले डायोड तयार झालेल्या विजेचं डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) करतात आणि रेग्युलेटर व्होल्टेज साधारण १४ च्या आसपास आवरून धरतो. ही वीज जाड वायरीने बॅटरीच्या प्लसला येते. परतीची वाट बॅटरीच्या मायनसपासून अर्थिंगच्या वायरीतून आणि इंजिनच्या धातूतून अल्टरनेटरला जाते. परतीच्या या वाटेकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

गाडी चालू असताना हेडलाइट, ब्लोअर, वायपर हे सगळं अल्टरनेटरवर चालतं. बॅटरीचं मुख्य काम सेल्फ फिरवणं. त्यामुळे ‘बॅटरी उतरली’ याचे चार अर्थ होऊ शकतात. बॅटरीच चार्जिंग धरत नाही. अल्टरनेटर पुरेसं देत नाही. दिलेलं वाटेत अडतं. किंवा गाडी बंद असताना कोणीतरी ते पीत बसतं. सकाळी पार्किंगमध्ये चारही सारखेच दिसतात.

हात लावण्याआधी

एक डिजिटल मल्टिमीटर घ्या, साधा काही शे रुपयांत मिळतो. टर्मिनलच्या नटासाठी बऱ्याच गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. टॉर्च आणि वही.

बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ सिगारेट-काडी नको. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. टर्मिनल काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना चुकून बॉडीला टेकला तर जबरदस्त शॉर्ट होतो. इंजिन चालू असताना ओढणी, मोकळे केस, सैल बाह्या बेल्टपासून लांब ठेवा. रेडिएटरचा पंखा कधीही आपोआप सुरू होतो हेही ध्यानात असू द्या. हायब्रिड गाडीत नारिंगी रंगाच्या जाड केबलला हातच लावायचा नाही.

एक गोष्ट कोणी कितीही खात्रीने सांगितली तरी करू देऊ नका: चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून ‘बघा, गाडी बंद पडते का’ अशी परीक्षा. जुन्या गाड्यांच्या काळापासून ही पद्धत चालत आली आहे. बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि त्यात अल्टरनेटरचे डायोड किंवा गाडीचा ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) जाऊ शकतो. जे मीटर दहा सेकंदांत सांगतं त्यासाठी ईसीएम पणाला लावू नये.

पायरी १: कधी उतरते ते लिहा

रात्री चांगली लावलेली गाडी सकाळी उठत नाही, किंवा दोन-तीन दिवस उभी राहिली की बसते, तर संशय बंद गाडीतल्या करंटच्या गळतीवर किंवा बॅटरीवर. तासभर ट्रॅफिकमधून आलात, पेट्रोल पंपावर बंद केली आणि पुन्हा सुरू होत नाही, तर संशय चार्जिंगवर. पावसातच होतं? बेल्ट किंवा ओली जोडणी. लांबच्या प्रवासात गाडी तापल्यावरच होतं? रेग्युलेटर, डायोड.

डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवाही नीट बघा. इग्निशन ऑन केल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. चालताना लागला तर चार्जिंग थांबलं, हे सगळ्यांना माहीत असतं. इग्निशन ऑन केल्यावर तो लागतच नसेल तर मात्र कोणी काळजी करत नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत याच दिव्यातून अल्टरनेटरला जागं होण्यापुरता करंट मिळतो. तो बल्ब उडाला की अल्टरनेटर ठणठणीत असूनही चार्जिंग सुरू होत नाही, किंवा एकदा जोरात रेस दिल्यावरच सुरू होतं.

पायरी २: डोळ्यांनी आणि हातांनी

इंजिन बंद, किल्ली बाहेर. टर्मिनल हाताने हलवून बघा. जरा जरी फिरलं तरी सैल आहे. पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने धुवा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. वाळल्यावर पोस्ट (बॅटरीवरचा शिशाचा खुंटा) आणि टर्मिनलची आतली बाजू पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, घट्ट बसवा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. आधी व्हॅसलीन आणि मग टर्मिनल असं करू नका.

बेल्टला भेगा आहेत का, कडा सुटल्या आहेत का, आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत झाली आहे का ते बघा. सकाळी सुरू करताना किंवा एसी लावताना चीं-चीं आवाज येत असेल तर बेल्ट घसरतो आहे. घसरणाऱ्या बेल्टवर अल्टरनेटर पूर्ण वेगाने फिरतच नाही. काही गाड्यांत हाच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो. तिथे बॅटरीचा दिवा लागला आणि तापमानाचा काटाही चढायला लागला तर बेल्ट तुटल्याची शक्यता मोठी. गाडी तिथेच बाजूला घ्या.

पाणी भरायची बॅटरी असेल तर पातळी बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. सहापैकी एकच सेल सारखा कोरडा पडत असेल तर तो सेल जाण्याच्या वाटेवर आहे.

पायरी ३: चार आकडे

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल टोक प्लसच्या पोस्टवर, काळं मायनसच्या पोस्टवर. टर्मिनलच्या पट्टीवर टेकवू नका, मधल्या शिशाच्या पोस्टवरच टेकवा.

पहिला आकडा गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, काहीही सुरू करण्याआधीचा. १२.६ किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीचा आकडा फसवा असतो, तो लिहू नका.

दुसरा आकडा सेल्फ मारताना. एकाने किल्ली फिरवायची, दुसऱ्याने मीटर बघायचं. बॅटरी भरलेली असतानाही आकडा ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकली आहे, किंवा सेल्फच जास्त करंट ओढतो आहे. उलट आकडा ११ च्या आसपास राहतो आणि तरी सेल्फ जडपणे फिरतो, तर बॅटरी ठीक आहे आणि करंट वाटेत अडतो आहे. आमच्या गाडीत नेमकं हेच होत होतं. नवी बॅटरी आहे म्हणून तिकडे कोणी बघितलंच नाही.

तिसरा आकडा इंजिन चालू, बाकी सगळं बंद. साधारण १३.८ ते १४.५ मिळायला हवेत. १२.५ वर अडकलं तर चार्जिंग होतच नाही. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर हाताबाहेर गेला आहे. अशी बॅटरी सारखं पाणी पिते, बाजूंनी फुगते, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि गाडीचे बल्बही लवकर उडतात.

चौथा आकडा इंजिन चालू ठेवून हेडलाइट, पूर्ण वेगाचा ब्लोअर, एसी आणि मागच्या काचेचं डिफॉगर लावून. हाच आकडा बहुतेक जण घेत नाहीत आणि वारंवार येणारे दोष इथेच लपतात. आयडलवर (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) अल्टरनेटर आपल्या पूर्ण क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी करंट देतो. ५५ वॉटचे दोन हॅलोजन हेडलाइटच जवळपास ९ अँपिअर घेतात. ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, डिफॉगर मिळवा, बेरीज ३०-४० च्या घरात जाते. म्हणून आयडलवर आकडा थोडा खाली आला तर घाबरू नका. एकाला रेस धरायला सांगा, साधारण २००० आरपीएमवर तो १३.५ च्या वर परत यायला हवा. आला नाही तर पुढच्या पायरीवर जा.

चौथा आकडा अर्धा तास गाडी चालवून, सगळं तापलेलं असताना पुन्हा घ्या. थंड गाडीत १४.२ आणि गरम गाडीत १२.८ असं निघालं तर दोष तापल्यावर उघडा पडणारा आहे. गॅरेजमध्ये सकाळी थंड गाडी तपासून ‘सगळं ओके’ म्हणून परत पाठवतात तो हाच.

नव्या गाड्यांसाठी एक सावधगिरी. मायनसच्या टर्मिनलवर छोटी सेन्सरची डबी असेल तर गाडीचा कॉम्प्युटर गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करतो. तिथे आकडा १२.८ वरून १४.८ वर आणि परत खाली जाऊ शकतो, तो दोष नाही. हेडलाइट लावून, काही मिनिटं निरीक्षण करून मगच मत बनवा. सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन असेल तर बॅटरीही ईएफबी किंवा एजीएम प्रकारची (अशा गाड्यांसाठी बनवलेली, जास्त दणकट) लागते. त्या जागी साधी बॅटरी बसवली की ती फार दिवस टिकत नाही.

पायरी ४: वाटेत किती हरवतं

माझ्यासाठी हीच पायरी निर्णायक ठरली. इंजिन चालू, चौथ्या आकड्याचा सगळा लोड लावलेला, रेस साधारण २०००. मीटर तसंच डीसी व्होल्टवर.

लाल टोक अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीच्या बोल्टवर, काळं टोक बॅटरीच्या प्लस पोस्टवर. तो बोल्ट सतत जिवंत असतो, मीटरच्या टोकाने त्याचा आणि बॉडीचा शॉर्ट होऊ देऊ नका. ०.२, फार तर ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. जास्त असेल तर मधली वायर, मोठा फ्यूज किंवा एखादी जोडणी खराब.

मग लाल टोक अल्टरनेटरच्या उघड्या धातूच्या अंगावर आणि काळं बॅटरीच्या मायनस पोस्टवर. इथे ०.१ च्या आत पाहिजे.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन बसतात. त्यांनी हेच केलं आणि मीटर माझ्यासमोर धरलं. “ताई, हे बघा. इथे शून्याच्या जवळ पाहिजे, तुमच्याकडे ०.९ येतंय.” मी विचारलं, “काका, पण अल्टरनेटर नवा आहे ना?” ते म्हणाले, “नवा आहे, चांगला आहे. तो १४.२ देतोय. तुमच्या बॅटरीला १३.२ च पोचतंय.” ०.९ मायनसच्या वाटेत, ०.१ प्लसच्या वाटेत. हिशेब चोख जुळला. १३.२ वर बॅटरी कधी पूर्ण भरतच नव्हती आणि अर्धवट भरलेल्या प्लेटांवर सल्फेट चढत होतं. म्हणून प्रत्येक नवी बॅटरी काही महिन्यांत बसत होती.

त्यांनी बॅटरीच्या ट्रेखाली हात घालून वायर ओढली. बाहेरून आवरण धड होतं. गिअरबॉक्सवर बोल्टने कसलेल्या टोकाजवळ दाबल्यावर मात्र आतून हिरवी पूड गळली आणि तांब्याचे जेमतेम चार-पाच तंतू उरलेले दिसले.

अर्थिंग खराब असल्याच्या आणखी काही खुणा: सेल्फ मारताना अॅक्सिलरेटर किंवा क्लचची धातूची केबल कोमट लागते, कारण करंट तीच वाट धरतो. एक इंडिकेटर लावला की दुसरेच दिवे मंद होतात. तात्पुरती खात्री करायची तर इंजिन बंद असताना जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, पंखा-बेल्टपासून लांब, लावा आणि सुरू करून बघा. सेल्फ एकदम जोमाने फिरला तर उत्तर मिळालं.

कोकणात आणि गोव्यात खाऱ्या दमट हवेने या जोडण्या लवकर सडतात. किनाऱ्यालगत राहत असाल तर ही पायरी सगळ्यात आधी करा.

पायरी ५: अल्टरनेटरच्या आत

वाट साफ आहे आणि तरी व्होल्टेज कमी आहे, तर मग अल्टरनेटर. मीटर एसी (उलटसुलट वाहणाऱ्या विजेच्या) व्होल्टवर टाका, लोड लावलेला ठेवा आणि बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसलं तर एखादा डायोड गेला असण्याची दाट शक्यता. कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) घासले असतील तर बॅटरीचा दिवा खड्ड्यात लागतो-विझतो, आणि अल्टरनेटरच्या अंगावर लाकडी दांड्याने हलकेच ठोकल्यावर चार्जिंग क्षणभर परत येतं. कार्बन, बेअरिंग आणि रेग्युलेटर अनेक अल्टरनेटरमध्ये सुटे बदलता येतात. अख्खा नवा घेण्याआधी हे विचारा.

पायरी ६: रात्री कोण पितं

चारही आकडे चांगले आहेत आणि तरी उभी गाडी बसते, तर गळती शोधायची. बंद गाडीही घड्याळ, लॉक, अलार्मसाठी थोडा करंट घेते. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर चालतं. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर ३० मिलिअँपिअर गळती असेल तर निम्मी व्हायला तीन आठवड्यांहून जास्त लागतात. तीच ३०० झाली की अडीच दिवसांत निम्मी. शुक्रवारी लावलेली गाडी सोमवारी का कुरकुरते ते यातून कळतं.

मीटर डीसी अँपिअरवर ठेवा, लाल टोकाची पिन त्याच्या १० अँपिअरच्या खाचेत लावा, मायनसचं टर्मिनल काढा आणि टर्मिनल व पोस्ट यांच्या मध्ये मीटर जोडा. दारं बंद. बॉनेट उघडं असल्याने गाडी जागी राहत असेल तर त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद झाल्यासारखं करा, नंतर सोडायला विसरू नका. बटण स्टार्टची चावी घरात ठेवून या. मग अर्धा-पाऊण तास थांबा. गाडीतले कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ घेतात आणि आधी दिसणारा मोठा आकडा बघून लोक उगाच घाबरतात. मीटर असं जोडलेलं असताना किल्ली फिरवू नका, सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. काम झालं की लाल पिन परत व्होल्टच्या खाचेत लावा. ती तशीच राहिली आणि पुढच्या वेळी व्होल्टेज मोजायला गेलात तर बॅटरीचा थेट शॉर्ट होतो.

आकडा जास्त आला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजवर आकडा धाडकन खाली येईल त्या सर्किटवर दोषी. आमच्याकडे नेहमी सापडणारे सांगते: थेट बॅटरीवरून जोडलेला डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, जिची पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून ठेवलेली असते. पिवळी कायम चालू राहायची असते, लाल इग्निशनवर यायची असते. दोन्ही एक केल्या की सिस्टीम कधी पूर्ण बंद होत नाही. डिकीचा दिवा विझतो का हे बघायला फोनवर व्हिडिओ सुरू करून तो डिकीत ठेवा आणि डिकी बंद करा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही बघा.

सगळे फ्यूज काढूनही गळती तशीच असेल तर सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, अल्टरनेटरला हात लावा. बाकी इंजिन गार आणि तो किंचित कोमट असेल तर त्याचा डायोड रात्रभर करंट उलटा सोडतो आहे.

बॅटरी आणि अल्टरनेटर एकमेकांना मारतात

पूर्ण उतरलेली बॅटरी जंप देऊन सुरू केली आणि तशीच हायवेला नेली, तर अल्टरनेटर तासन्‌तास पूर्ण ताकदीने राबतो आणि तापतो. तो भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी असतो. मेलेली जिवंत करायला चार्जर लागतो. नवा अल्टरनेटर बसवताना बॅटरी चार्जरवर लावून पूर्ण भरून घ्या, आणि नवी बॅटरी बसवताना तिसरा-चौथा आकडा त्याच दिवशी मोजून घ्या. दोन्हींपैकी एक खराब ठेवून दुसरं बदललं की काही महिन्यांत परत त्याच दुकानात उभे राहता.

जंप देताना लाल केबल प्लस ते प्लस. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. ठिणगी पडायची तर तिथे पडू दे.

विदर्भात राहणाऱ्यांनी बॅटरीच्या आयुष्याचा अंदाज थोडा कमी धरावा. अकोला-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात बॉनेटखाली पाणी वेगाने उडतं आणि प्लेटा लवकर झिजतात. आठवड्यातून एकदाच दोन किलोमीटर जाणारी गाडीही बॅटरी खाते. तिला अधूनमधून तासभर मोकळ्या रस्त्यावर न्या किंवा घरी चार्जर लावा.

गॅरेजला गाडी दिलीत तर वहीतले आकडे दाखवा आणि काम झाल्यावर तेच आकडे तुमच्यासमोर पुन्हा मोजायला सांगा. मग आठ दिवसांनी एकदा आणि पहिल्या जोरदार पावसानंतर एकदा घरी मोजा. आमच्या वहीत वायर बदलल्यानंतरची नोंद अशी आहे: सकाळी १२.६, सेल्फ मारताना १०.८, चालू १४.२, सगळा लोड लावून, २००० वर १४.०, मायनसच्या वाटेत ०.०४. त्यानंतरचे दोन पावसाळे हीच बॅटरी चालते आहे.